अब्बांची सहा एकर

अब्बांचा चाळीसावा झाला आणि भाईजाननं हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहिणींनी जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदाचा, विषय काढला. आमच्या जिंतूर तालुक्यात ही रीतच पडून गेलीय. हिंदू असो की मुसलमान, बाप गेला की बहिणींना दुय्यम निबंधकाकडे न्यायचं, सह्या-अंगठे घ्यायचे, साडी-चोळी करून सासरी पाठवायचं. आमच्या तिघी बहिणी गप्प बसल्या. भाईजानला तो होकार वाटला. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. रात्री अम्मी म्हणाली, "एक बार मुफ्तीसाब कू पूछको आ."

परभणीला एका मदरशाच्या दारुल इफ्तात, म्हणजे मुफ्ती फतवा देतात त्या कचेरीत, गेलो. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाचे दिवस, एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळेल, अशी माझी समजूत. मुफ्तीसाहेब म्हणाले, वारसाचा मामला आहे, लेखी आणा. या लेखी प्रश्नाला इस्तिफ्ता म्हणतात. माझं सगळं शिक्षण मराठीतून, उर्दू वाचताना अजून अडखळतो. मी मराठीत लिहिलं, तिथे शिकणाऱ्या एका मुलानं ते उर्दूत उतरवलं.

कागद वाचून झाल्यावर मुफ्तीसाहेबांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. अब्बा वारले तेव्हा त्यांचे आई-वडील हयात होते का? दुसरा निकाह होता का? कर्ज किती? वसिय्यत, म्हणजे मृत्युपत्र, केली होती का? अम्मीचं मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम, दिलं होतं का? आणि शेवटी, "बहिणींना कोणी विचारलं का, बेटा?"

मेहराच्या प्रश्नाला मी अडकलो. निकाहनाम्यात 525 रुपये, तेही उधार. पण मय्यत घरात असताना आजूबाजूच्या बायकांनी अम्मीला "मेहर माफ कर" म्हटलं होतं आणि अम्मीनं "माफ किया" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं. मुफ्तीसाहेब म्हणाले, घरी जा, एकांतात विचारा, मनापासून केलं होतं का. त्या रात्री चुलीपुढे बसून विचारलं. अम्मी बराच वेळ काटकी खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "तब मुझे क्या समझ रा था? सब बोले, मैं बोल दी." सव्वापाचशे रुपयांची ती गोष्ट चाळीस वर्षं कोणी तिला विचारलीच नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं फतवा मिळाला. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, आणि राहिलेलं मेहर हेही कर्जच. त्यानंतर वसिय्यत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत. ती नव्हती. मग हिस्से. मुलं असल्यामुळे अम्मीला आठवा हिस्सा, बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. कुराणातल्या सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत हे सगळं आहे. आम्ही दोघे भाऊ, तीन बहिणी. मालमत्तेचे सरळ आठ भाग झाले. अम्मीचा एक, भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. सहा एकर म्हणजे 240 गुंठे. अम्मीला 30, प्रत्येक बहिणीला 30, आम्हाला साठ-साठ.

हक्कसोडीबद्दल मुफ्तीसाहेबांनी तोंडी समजावलं. वाटणीआधी नुसतं "सोडलं" म्हटल्यानं हिस्सा जात नाही. तो बहिणीच्या ताब्यात द्या, मग तिनं खुशीनं परत दिला तर घ्या.

भाईजान चिडला. त्याची बाजूही खोटी नव्हती, वीस वर्षं शेत त्यानंच कसलं. तो वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, आणि फतव्याला कायद्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण अम्मीनं ते ऐकून एवढंच म्हटलं, "कोर्ट ने मना तो नै किया ना, बेटियों कू देने कू?" त्यावर भाईजानकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

पुढचं सरकारी काम त्या मानानं सोपं. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नोटिशीची मुदत, मग फेरफार. सातबाऱ्यावर सहाही नावं लागली. वाटणीचा अर्ज तहसीलमध्ये दिलाय. अम्मीचे 525 भाईजाननं स्वतः तिच्या हातात ठेवले. तिनं ते मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले.

धाकटीनं तिचे 30 गुंठे भाईजानला खुशीनं देऊ केले. त्यानं घेतले नाहीत, बटईनं करतो म्हणाला. मधलीचं अजून ठरत नाही. मोठ्या आपानं यंदाच्या सोयाबीनचा तिच्या वाट्याचा पैसा घेतला आणि बोरीच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या.