काकाजींचा वस्तरा

श्रावणात आमच्या आर्वी तालुक्यात सुताराला जेवायला सवड नसते. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, त्यांची चाकं, वरून कोळपणीच्या डवऱ्यांची दुरुस्ती. मागच्या वर्षी त्याच गर्दीत काकाजी वस्तरा घेऊन आले.

"माह्या बापाचा हाये, बाबू. पातं ठीक हाये, मूठ गेली. घाई नाही, पोया झाल्यावर दे."

पात्याच्या बुडाशी जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का. मुठीच्या पट्ट्या सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या, हात लावताच भुगा होणाऱ्या. सेल्युलॉइड कुजलं की त्यातून निघणाऱ्या वायूनं जवळचं पोलाद गंजतं. मिटल्यावर जो भाग मुठीत राहतो, तिथेच तांबूस डाग होते. सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा चालतो, त्यामुळे असं काम सहसा येत नाही. मला ते मनापासून करायचं होतं.

तेंदूचं पान विडीमुळे सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्या तेंदूचा काळा गाभा फार थोड्यांनी पाहिलाय. आजोबांनी जपलेला एक तुकडा माझ्याकडे होता. तो चिरून एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीच्या दोन पट्ट्या काढल्या. हे लाकूड दगडासारखं कठीण, पण काठाजवळ भोक पाडताना जरा जोर झाला की फाटतं. खिळ्यासाठी अर्ध्या सुताची पितळी तार हवी होती. दुकानदारानं पितळ म्हणून दिलेली तार लोहचुंबकाला चिकटली. आत लोखंड, वर मुलामा! वस्तऱ्याला रोज पाणी लागतं, एवढं तरी विकणाऱ्यानं समजून घ्यावं. दुसरीकडून आणली.

मुठीच्या शेपटाकडे दोन पट्ट्यांमध्ये पाचर बसते, बाहेर जाड, आत निमुळती. तिच्यामुळे पट्ट्या मधे किंचित फुगून राहतात. तारेचं टोक हलक्या हातोडीनं गोल गोल ठोकायचं. एक घाव जास्त बसला की लाकूड चिरतं. शेवटी जवसाचं तेल. मिटलेला वस्तरा उजेडासमोर धरला, तर पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखी फट. बैलांच्या पसाऱ्यात हरवायला नको म्हणून पोळ्याच्या आधीच देऊन टाकला.

वैशाखात काकाजी परत आले. एक पट्टी आत वाकली होती. मिटताना धार लाकडाला लागून तिचे दोन टवके उडाले होते.

"लाकूड हाये, बाबू," एवढंच म्हणाले.

पाचर तपासली, ती जागेवर होती. चूक लाकडाचीही नव्हती. तुकडा कितीही जुना असो, पातळ चिरला की तो नव्यानं हवा खातो आणि वाकायचा तेव्हा वाकतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होईपर्यंत पट्ट्या टांगून ठेवायला हव्या होत्या. मी श्रावणातल्या ओल्या हवेत दुसऱ्याच दिवशी खिळे ठोकले. वैशाखात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, दाराच्या फळ्यासुद्धा तडकतात. दारासाठी मी लाकूड महिनोन्महिने वाळवतो. आणि ज्या माणसानं स्वतःहून घाई नाही म्हटलं, त्याच्याच कामात घाई केली.

काकाजींनी टवके जाईपर्यंत पातं दगडावर घासलं. पात्याची रुंदी नजरेला कळेल इतकी कमी झाली आहे.

त्याच गाभ्याच्या दोन नव्या पट्ट्या आढ्याला टांगल्या आहेत. दर सोमवारी काटकोनी गुण्या लावून बघतो. एक सरळ आहे. दुसरी अजून हलतेय.