आईच्या पायांखालची फरशी
आज आई-बाबांना घेऊन खानापूर रोडला नव्या घरासाठी फरशी बघून आलो. हॉलला व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी, लगेच ठरली. पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, डाग धरत नाही. बाथरूमला मात्र चकचकीत नकोच, यावर मी अडून बसलो. आईचे गुडघे दुखतात, त्यात आपल्या बेळगावचा पावसाळा! तिथे खरखरीत, लहान आकाराची घेतली. फरश्यांमधले सांधे जास्त म्हणून पाय घट्ट बसतो, उतारही नीट काढता येतो.
बाबांना सगळीकडे शहाबादीच हवी होती. कलबुर्गीकडचा हा दगड उन्हाळ्यात पायांना किती गार लागतो! पण तो चुनखडीचा, लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो. म्हणून स्वयंपाकघर सोडून पडवीला शहाबादी. देवघराचं अजून ठरायचंय. तुमच्याकडे काय बसवलंय?