धाडसी चोरी

वर्तमानपत्रांत चोरीच्या बातमीला एक विशेषण हमखास चिकटलेलं असतं: धाडसी. 'भरदिवसा धाडसी चोरी'. बातमीदाराच्या मनात तसं काही नसेलही, पण कौतुक निसटतंच. त्याच बातमीत खाली कुठेतरी पहारेकरी येतो. तो बिचारा 'डुलकी घेत असल्याचे समजते'.

हाइस्ट सिनेमा, म्हणजे बेत आखून केलेल्या मोठ्या चोरीचा सिनेमा, या एका विशेषणावर उभा आहे. त्याला मराठीत नेमका शब्द नाही. दरोडा म्हटलं की कुऱ्हाडी आणि रक्त आलं, घरफोडी पंचनाम्यातली, आणि नुसती चोरी म्हणजे पाकीट मारल्यासारखी किरकोळ. तर हा बिननावाचा प्रकार मला बेहद्द आवडतो. 'हे शेवटचं काम' म्हणणारा म्होरक्या, तिजोरीवाला, तारांमधलं कळणारा, गाडी हाकणारा, आणि एक नवशिका, जो घोळ घालणार हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं. टेबलावर नकाशा पसरला की मी सरसावून बसतो. इतके बघितलेत की नियमही पाठ झालेत. बेत आपल्याला आधी सविस्तर सांगितला तर तो फसणार. आपल्यापासून लपवून ठेवला तर फत्ते.

पैशाचं मला तितकंसं अप्रूप नसतं. लुटीची वाटणी सुरू झाली की मी पाणी प्यायला उठतो. बघायचं असतं ते काम. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य मीटिंगांमध्ये गेलं, त्याला पाच माणसं वेळेवर आलीत, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक आहे आणि 'हे माझ्याकडे नव्हतं' असं कुणीच म्हणत नाही, हे दृश्य दुसरीकडे कुठे दिसणार?

ज्युल्स दासँ या दिग्दर्शकाचा 'रिफिफी' (१९५५) हा फ्रेंच सिनेमा घ्या. त्यातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते, आणि त्या अर्ध्या तासात ना एक शब्द, ना संगीताचा एक सूर. जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरातून चोर खालचं छत फोडतात. छोटं भोक पडल्यावर त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि तिथे उघडतात, म्हणजे पडणारा चुना-विटांचा चुरा छत्रीत झेलला जातो आणि आवाज होत नाही. ती छत्री उघडते तेव्हा माझ्या तोंडून 'वा!' निघतोच.

असा 'वा!' म्हणणारा मी पहिला नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडायला येतो, आणि आधी विचार कशाचा करतो, तर भोक कोणत्या आकाराचं पाडावं! उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक... भाजलेल्या विटांना पूर्णकुंभ शोभेल, असं ठरतं. मोजायची दोरी विसरलेली असते, म्हणून जानव्यानं माप घेतो. उद्या शेजारीपाजारी हे बघून काय म्हणतील, याचीही त्याला काळजी. आणि खरी गंमत पुढे आहे. चारुदत्त जागा होतो, भिंतीतलं भोक बघतो आणि म्हणतो, काय देखणं काम आहे! ज्याचं घर फुटलं तोच पहिला प्रेक्षक.

आमच्याकडे एकदा चोरी झाली होती. सगळे बाहेर गेलो होतो. आलो तर कडी उचकटलेली, कपाटातले कपडे जमिनीवर, वडिलांचं घड्याळ गेलेलं. पूर्णकुंभ वगैरे दूरच, दाराची चौकटही नाहक फोडून ठेवली होती. नुसता स्क्रू काढला असता तरी भागलं असतं. हे मी पोलिसांसमोर बोलून गेलो आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की पुढे काही बोललो नाही. ती रात्रभर ते कपडे पुन्हा धुवत होती. कुणीतरी हात लावलेले कपडे तिला तसेच घडी करून ठेवता येईनात.

सिनेमात ही कपडे धुणारी आई नसते. असली तर सिनेमा तिथेच बसेल. म्हणून लुटायचं ठिकाण काळजीपूर्वक निवडलेलं असतं: जुगाराचा अड्डा, मग्रूर अब्जाधीश, विमा उतरवलेली बँक. पैसा कुणाचाच नाही असं वाटलं की आपली सदसद्विवेकबुद्धी पाय पसरून सिनेमा बघते.

हॉलिवूडनं एके काळी याचा बंदोबस्त करून पाहिला. १९३४पासून तिथे सेन्सॉरची आचारसंहिता कडकपणे लागू झाली: प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे जाता कामा नये, तिजोरी फोडण्याची रीत तपशिलात दाखवू नये. १९६८पर्यंत ती टिकली. त्यामुळे त्या काळातले चोर सगळं अचूक करून शेवटी फुटकळ कारणानं बुडतात. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द किलिंग'मध्ये (१९५६) विमानतळावर एक कुत्रं सामानाच्या गाडीला आडवं जातं, बॅग पडून उघडते आणि नोटा विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यावर उडून जातात. नीती राखली गेली म्हणायची. पण त्या नोटा उडताना पोट कुणाचं तुटतं? आपलंच. शिक्षा चोराला आणि हळहळ प्रेक्षकाला!

पडद्याबाहेरच्या चोऱ्यांनाही आपण असंच कापून जोडून घेतो. ८ ऑगस्ट १९६३ला इंग्लंडमध्ये टपाल नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. लूट सुमारे २६ लाख पौंडांची. हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला आणि बॅटरी जोडून लाल दिवा पेटवला, की गाडी थांबली. हातमोजा! छत्रीच्या तोडीची युक्ती. टोळीतला रॉनी बिग्ज १९६५मध्ये तुरुंगातून पळाला, ब्राझीलमध्ये राहिला आणि चक्क प्रसिद्ध माणूस झाला. गाडी चालवत होता तो जॅक मिल्स. त्याच्या डोक्यात दांडका घातला होता. त्यातून तो पुरता सावरला नाही, १९७०मध्ये गेला. हातमोज्याची गोष्ट मला कितीतरी वर्षं ठाऊक होती. मिल्सचं नाव फार उशिरा कळलं.

शूद्रकाला मात्र ते नाव ठाऊक असावं. त्या देखण्या भोकातून गेलेले दागिने गणिका वसंतसेनेनं चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले असतात. ते भरून देण्यासाठी चारुदत्ताची बायको धूता माहेरहून आलेली आपली रत्नमाला काढून देते. शर्विलकाचं भाषण लोकांच्या लक्षात राहतं, धूतेचं नाव पटकन आठवत नाही.

मिल्सचं नाव कळल्यापासून मला एक खोड लागली आहे. मी पहारेकऱ्याकडे बघतो. त्याला गुंगीचं औषध देतात किंवा खुर्चीला बांधतात, कॅमेरा पुढे जातो, आणि माझं लक्ष त्या खुर्चीपाशी राहतं. उद्या याची नोकरी राहील का? परवा असाच एक सिनेमा बघताना मी विचारलं, "त्याला सोडवलं का गं कुणी?"

"कुणाला?" लेक म्हणाली.

"तो मघाचा, खुर्चीला बांधलेला."

"बाबा, गप्प बस ना, आता तिजोरी उघडतेय."

खरंच उघडत होती. शेवटची चकती फिरत होती, आतली कळ कुठल्याही क्षणी बसणार होती. मी पाय खाली घेतले आणि सरसावून बसलो.