तुम्ही विचारलंत म्हणून: ते गाड्यांचं रेसिंग बंद का पडलं

लग्नाच्या पंगतीत मेव्हणे विचारतात, गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलची काच बदलणारा पोरगा विचारतो, बँकेतल्या साहेबांनी तर एकदा माझ्या कागदावर सही करता करता विचारलं, "तुमचं ते रिमोटच्या गाड्यांचं रेसिंग होतं ना, ते बंद का पडलं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे, "मोबाईलनं खाल्लं सगळं." मान हलवली की विषय मिटतो, म्हणून इतकी वर्षं मी मान हलवत आलो. पण परवा एकाने वर अजून जोडलं, "आणि तूही मधेच सोडून दिलंस ना भो", तेव्हा डोकं फिरलं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

मोबाईलनं काहीही खाल्लेलं नाही. उलट आमच्याकडची निम्मी पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघूनच आली होती. आणि गाड्या म्हणाल तर आज जळगाव-भुसावळ-धुळ्याला जितक्या आहेत तितक्या आमच्या वेळी कोणी बघितल्याही नव्हत्या, दिवाळीत कुठल्याही कॉलनीत जा, चारदोन पोरं गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये गाडी फिरवताना दिसतील. पुढच्या दिवाळीपर्यंत बॅटरी फुगते आणि गाडी माळ्यावर जाते, तो भाग वेगळा. गाड्या वाढल्या आणि रेसिंग गेलं, हे दोन्ही एकाच वेळी झालंय, आणि तुम्ही दर वेळी एकाचं कारण दुसऱ्याला चिकटवता.

हे काय फक्त आपल्याकडचं नाही. तामिया या जपानी कंपनीने पहिली रिमोटची पोर्श १९७६ ला काढली, १९८० च्या दशकात जपान-अमेरिकेत लाट आली, मग ती ओसरली, आणि २००० नंतर त्याच कंपनीने तीच जुनी मॉडेलं परत बाजारात आणली कारण लहानपणी ज्यांना मिळाली नव्हती ते आता कमावते झाले होते. म्हणजे चढउतार सगळीकडे. आपल्याकडे चढ उशिरा आला आणि उतार लवकर, एवढंच.

ट्रॅक तुम्हाला माहीत आहे, तो शहराबाहेरचा लेआउट, तेव्हा पडून होता. खाली काळी माती, पावसात पाय रुतणार आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्यावर आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकला, टँकरने पाणी मारलं, रोलर फिरवला. कडेला कुंपण म्हणून रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, भंगारात जाणार त्या, खुंट्या ठोकून बसवलेल्या. गाडी नळीला लागली तर नळी दबायची, गाडीचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाचायचा. बाहेरगावचे लोक त्याचे फोटो काढून न्यायचे. सीझन दिवाळी ते होळी, कारण पुढे पारा पंचेचाळीसकडे सरकला की माणूसच उभा राहू शकत नाही, तिथे इंजिनचं काय घेऊन बसलात.

इंजिन म्हणजे नायट्रो. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारं टू-स्ट्रोक, मुठीत मावेल एवढं, पण आवाज असा की हायवेवरून जाणारा मोटरसायकलवाला गाडी बाजूला लावून बघायला यायचा. गर्दी त्या आवाजाची होती. आम्हाला वाटायचं आमच्या ड्रायव्हिंगची आहे.

आता काकांबद्दल सांगावं लागेल. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शेतकऱ्यांच्या बोअरच्या मोटरी भरून द्यायचं त्यांचं दुकान. पाच एचपीच्या मोटरी भरणारा हा माणूस रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आमच्या गाड्यांची अंगठ्याएवढी आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आत फिरणारा तारेचा गाभा, भरत बसायचा. तारेचे टर्न कमी केले की वेग वाढतो, करंटही वाढतो आणि बॅटरी लवकर बसते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. नायट्रोचं हेड किती तापलंय हे बघायला आम्ही लेझरचा थर्मामीटर घेतला तरी काका बोटाने पाण्याचा एक थेंब हेडवर टाकायचे आणि बघत राहायचे. थेंब तीन-चार सेकंद उकळून उडाला तर ठीक, टाकताक्षणी चर्रकन गेला तर "सुई उघड रे भो, कोरडं चालू राह्यलं", म्हणजे इंधन कमी पडतंय. थर्मामीटरही तेच सांगायचा, फक्त सेल संपलेला नसला तर.

स्वतःची गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ते मार्शल.

मार्शल म्हणजे काय हे तुमच्यापैकी विचारणाऱ्या एकालाही ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. गाडी उलटली की ती आपोआप सरळ होत नाही. ड्रायव्हर तिकडे मचाणावर हातात रिमोट घेऊन उभा. मग वळणावर जो माणूस उभा असतो तो पळत जातो, गाडी सरळ करतो, बाजूला होतो. जगभर रीत अशी की तुमची हीट, म्हणजे तुमची फेरी, झाली की पुढच्या हीटला तुम्ही मार्शल म्हणून उभं राहायचं, दुसऱ्याची गाडी उचलायची, मग तो तुमची उचलेल. सगळं रेसिंग यावर उभं आहे, गाडी, बॅटरी, मोटर हे नंतर. नाही उभं राहिलात तर पुढच्या वेळी स्टार्टला नाव नाही. आमच्याकडेही सुरुवातीला कडक होतं. पण काका असायचेच, अवघड वळण त्यांचंच, मग हळूहळू लोक हीट संपली की गाडी घेऊन सावलीत जायला लागले. "काका आहेत ना."

मग ब्रशलेस मोटर (आत फिरतं ते चुंबक, तारेचं आर्मेचर नाही) आणि लायपो, म्हणजे लिथियमची हलकी बॅटरी आली. काकांचं आर्मेचर भरणं एका वर्षात संपलं, ब्रशलेसला कोण भरून घेतो. त्यांना वाईट वाटलं असेल, बोलले नाहीत. नायट्रोही मागे पडलं, कारण इंधन आणायचं, ट्यूनिंग करायचं, हात काळे करायचे, त्यापेक्षा बॅटरी लावा आणि सुटा. वेग मात्र दुप्पट वाटायचा. तेव्हा ओपन क्लास सुरू करा, १:८ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाच्या, मोठ्या बग्या येऊ द्या, असं मीच सगळ्यात जास्त भांडलो होतो, जितकी फास्ट तितकी गर्दी, हे माझं वाक्य. आज ते वाक्य लोक मला ऐकवतात. पण खोटं होतं का? गर्दी आलीच की. तुम्हीच आला होतात, पोराला खांद्यावर घेऊन.

फक्त आवाज गेला होता. इलेक्ट्रिक गाडी गूं करून जाते, रस्त्यावरच्या माणसाला काही ऐकू येत नाही. मग सगळ्यांच्या मताने स्पीकर आणला, गाणी, मध्ये मध्ये कॉमेंट्री. कोणी एकाने नाही, सगळ्यांच्या मताने, हे नोंदवून ठेवतो.

तो रविवार. जानेवारी, थंडी होती, धूळ बसत नव्हती कारण टँकर आलाच नाही. ओपन क्लासची फायनल. टेबलटॉप जंपच्या, म्हणजे वरून सपाट अशा उंचवट्याच्या पलीकडे, जिथे गाडी खाली उतरते तिथे काका उभे. एक गाडी जंपवरून आडवी पडली, उताराच्या मधोमध. काका गेले, वाकले, पाठ जंपकडे. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी माझ्याही नंतर लक्षात आली. हा माणूस इतकी वर्षं पाठ करूनच वाकायचा, कारण नायट्रोची गाडी कुठे आहे हे त्याला कानाने कळायचं. वळणाला थ्रॉटल सुटला, सरळला आला, आता जंप, तो बघायचाच नाही, बरोबर वेळेला बाजूला व्हायचा. त्या दिवशी कानात गाणं होतं.

मागून आली ती लीडरची गाडी. बॅटरीसकट साडेतीन किलोच्या आसपास, हवेतून उतरत. घोट्याच्या वर लागली. आवाज मी ऐकला नाही, मी टायमिंगच्या टेबलापाशी होतो, मधे धूळ. मला दिसलं ते इतकंच की काका खाली बसले, जसं माणूस बुटाची लेस बांधायला बसतो तसे. मी शिटी वाजवली. उशिरा वाजवली असं आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी दोघे तेव्हा मचाणावर रिमोट धरून होते आणि शिटीनंतरही त्यांची एकेक लॅप झालेली आहे, ती टायमिंगच्या वहीत आहे, वही माझ्याकडे आहे. जाऊ द्या.

मला शिटीचं दुःख नाही. पळत गेलेला पहिला माणूस काकांपर्यंत पोचला, आणि काकांना ओलांडून पुढे गेला, गाडीपाशी. "शॉक टॉवर गेला रे, आर्म पण गेला", हे पहिलं वाक्य होतं. मग दुसरा आला, त्यानेही गाडी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. स्पीकर चालूच. आणि काका खाली बसून म्हणत होते, "काही नई व्हयनं रे भो, चालू द्या तुमनं." पायाचा पंजा भलत्या दिशेला होता.

दवाखाना, प्लेट, स्क्रू, आणि उन्हाळी मोटरींचा ऐन सीझन दुकान बंद. वर्गणी काढली, दिली, त्यांनी अर्धी परत पाठवली. भेटायला किती गेले विचारू नका. लीडरच्या गाडीचा तो ड्रायव्हर मात्र भेटायला गेला, त्याला लोकांनी उगाच व्हिलन केलं, जंपच्या पलीकडचं मचाणावरून दिसतच नाही, तो पोरगा त्यानंतर रिमोट हातात घेईना.

पुढच्या रेसला गर्दी कमी नव्हती. एन्ट्र्याही आल्या. मी यादी वाचली, मार्शल कोण कोण, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाचा गुडघा दुखत होता, कोणाला फोन यायचा होता. मग रोजाने दोन पोरं लावली, ती नळीवर बसून मोबाईल बघत होती (घ्या, तुमचा मोबाईल आला), गाडी उलटली की इकडून पाच जण ओरडायचे तेव्हा ती उठायची. अशी रेस होत नाही. एकेक गाडी अर्धा मिनिट उलटी पडून राहिली तर हरणाऱ्यालाही मजा नाही आणि जिंकणाऱ्यालाही नाही.

बाकीची कारणं तुम्हाला हवी असतील तर ती आहेत, आणि खरी आहेत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये परदेशातून गिफ्ट म्हणून ड्युटीशिवाय यायचं ते पार्सल बंद झालं, फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. मधे लॉकडाऊन. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेस, ते चिनी खरेदीचं अ‍ॅप, बंद, आणि आमचे निम्मे स्पेअर तिथून यायचे, डिफचा गिअर, डॉगबोन, सर्वो. एक शंभर-दोनशेचा तुकडा तुटला की गाडी दोन-दोन महिने टेबलावर. लेआउटचे प्लॉट विकले गेले, आता तिथे रो-हाऊस आहेत. मी बरीच वर्षं हेच सांगत होतो, ग्रुपवर लांबच लांब लिहिलं होतं की ड्युटी उतरली की परत उभं राहील. ते लिहिणारा मी खोटारडा नव्हतो. पण स्पेअर नव्हते तेव्हा आम्ही पीव्हीसीचा पाईप तापवून, सपाट करून त्याचे आर्म कापलेत, आणि ते टिकलेतही. ज्यांनी पाईपाचे आर्म कापले ते ड्युटीला घाबरून घरी बसले, हे मला स्वतःलाच पटत नाही.

आणि मी सोडलं का? मी यादी वाचायचं सोडलं. यादी वाचणारा दुसरा कोणी पुढे आला नाही यात माझा काय दोष, असं मी बायकोला म्हणतो, ती म्हणते काकांकडे जाऊन विचार. काकांचं दुकान चालू आहे, थोडे लंगडतात. गेलो होतो मागे, तर त्यांनीच विचारलं, "काबरं बंद केलं रे भो?" त्यांना काय सांगणार, त्यांच्यासमोर मी मोबाईलचंच कारण दिलं. त्यांनी मान हलवली.

आता शिरपूरकडचा एक पोरगा महिनाभर फोन करतोय. शेतात जागा आहे, नळ्या आहेत, ट्रॅकची मापं द्या. दिली. नियमांचा कागद पाठवला, त्यात पहिलाच नियम मार्शलचा. त्याचं म्हणणं (आता मलाच काका म्हणतो), काका, एवढा एक काढू, मार्शल आपण गडी लावू, पाचशे रोज देऊ. मी म्हणालो मग मला बोलावू नको. तो म्हणतो, तुमच्या वेळी तरी कुठे सगळे उभे राहायचे? याला कोणी सांगितलं कोण जाणे. तो नियम कागदावर राहील की नाही यावरून आमचं रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे, आणि तुम्ही मधे पडणार असाल तर आधी सांगा, उभं राहणार का?