घोडबंदर रोडच्या हॉलमध्ये ५.१ : पुढची तिकडी, सब आणि भिंतीला चिकटलेला सोफा

नोंद १ : आधी टेप, मग दुकान

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब, अर्थात खालच्या सुरांचा वेगळा खोका. पाचांत पुढची तिकडी (डावा, सेंटर, उजवा) आणि कानाच्या बाजूला-मागे दोन सराउंड. हॉल-डायनिंग मिळून १८ फूट लांब, साडेदहा फूट रुंद, उंची साडेनऊ फूट. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या लांब भिंतीला टेकून तीन सीटर सोफा. सोफ्याचा मध्य बाल्कनीच्या काचेपासून सात फुटांवर, डायनिंगच्या भिंतीपासून अकरा. डावीकडे सरकतं काचेचं दार, उजवीकडे मोकळं डायनिंग, खाली व्हिट्रिफाइड टाइल. ठाणे, ऐरोली, खारघर, कुठेही नव्या टॉवरमध्ये जा, थोड्याफार फरकाने हाच हॉल भेटतो. म्हणून ही मापं सविस्तर दिली आहेत.

या नकाशात तीन अडचणी जन्मजात आहेत. टीव्ही लांब भिंतीवर असल्याने बसायचं अंतर कमी. सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळे सराउंडला कानाच्या मागे जागाच नाही. आणि डावा स्पीकर काचेशेजारी, उजवा मोकळ्यावर, म्हणजे दोघांचा आवाज पहिल्या दिवसापासून वेगळा. यातली एकही अडचण महाग स्पीकर घेऊन सुटत नाही.

पहिलं काम फुकटचं. सोफा एक फूट पुढे ओढला. आता कान मागच्या भिंतीपासून साधारण दोन फुटांवर येतात. स्पीकरची पुढची बाजू टीव्हीच्या भिंतीपासून दीड फुटावर धरली, तर मधे सात फूट उरतात. डॉल्बीच्या मांडणीत डावा-उजवा स्पीकर मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांत हवा. सात फुटांवरून हिशेब केला तर दोघांमधलं अंतर पावणेसहा ते आठ फूट येतं. इथे सात फूट धरलं, कोन सत्तावीसच्या आत बसतो. अंतर सात, फाकही सात. लक्षात ठेवायला सोपं आणि सुताराला सांगायलाही. सहा फुटी टीव्ही युनिटच्या आत ते बसत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंना स्टँड.

नोंद २ : टॉवर की बुकशेल्फ

टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर, बुकशेल्फ म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायचा छोटा. इथे बुकशेल्फच. ८० हर्ट्झखालचं सगळं सबकडे जाणार असेल, तर टॉवरच्या जादा वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा शंकू) आणि मोठ्या खोक्याचे पैसे वाया जातात, आणि तो भिंतीजवळ उगाच घुमतो. सव्वापाच ते साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ ८० हर्ट्झला आरामात पोचतो. पोर्ट (खोक्यातली हवेची नळी) पुढे असलेला किंवा बंद खोक्याचा मिळाला तर उत्तम. पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून निदान सहा इंच सोडा, आणि सोबत फोमचा बुच येत असेल तर तो लावून ऐका. (पोर्टवर बारीक जाळी लावायला विसरू नका. पाल आत गेली की बाहेर काढायला वूफरच उघडावा लागतो.)

सेन्सिटिव्हिटीवर (एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, यावर) लोक नको तितकं डोकं फोडतात. हिशेब असा : ८६ डेसिबलचा स्पीकर, एक वॉट, एक मीटर. इथे कानापर्यंतचं अंतर २.४ मीटर, म्हणजे साडेसात डेसिबल गेले. उरले साडेअठ्ठ्याहत्तर. ६४ वॉटला त्यात १८ मिळवा, साडेशहाण्णव होतात. वर खोलीच्या भिंती थोडं परत देतात. शेजारी वर-खाली-बाजूला असलेल्या फ्लॅटमध्ये एका स्पीकरकडून याहून जास्त मागायचं कारण नाही. फक्त आकडा वाचताना ओहम बघा. ‘२.८३ व्होल्टला ८८’ लिहिलेला स्पीकर ४ ओहमचा असेल, तर तो एक नव्हे, दोन वॉट खातोय. खरा आकडा ८५.

नोंद ३ : तिकडी जुळवणं, इथेच पैसे घालायचे

चित्रपटातले संवाद जवळजवळ सगळे सेंटरमधून येतात, आणि पात्र पडद्यावर चालत गेलं की आवाज डाव्यातून सेंटरमध्ये, सेंटरमधून उजव्यात सरकतो. तिघांचा सूर एक नसेल तर माणूस वाटेत बदलल्यासारखा वाटतो. आवाजाची पातळी जुळवायला रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आहे, तो दहा-बारा डेसिबलचा फरक सहज भरून काढतो. पोत मात्र त्याला पुरता जुळवता येत नाही. म्हणून तिघांचा ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट) एकच हवा, वूफरचं मटेरियल एकच हवं, आणि शक्यतो मालिकाही एकच. एका कंपनीच्या दोन मालिका म्हणजे जुळणी नव्हे. एकीत कापडी घुमटाचा ट्विटर आणि दुसरीत धातूचा असेल, तर ते नुसते आडनावबंधू.

दुकानात करायची चाचणी : रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. तो डावा, सेंटर, उजवा असा फिरतो. डोळे मिटून त्या ‘शूऽऽ’कडे लक्ष द्या. सेंटरवर आल्यावर त्याचा ‘हूऽऽ’ झाला, किंवा तो डब्यातून आल्यासारखा वाटला, की जोडी फसली. गाणी लावून हे कळत नाही, गाण्यात लक्ष भलतीकडे जातं. तिन्ही स्पीकर एकाच उंचीवर ठेवून ऐकवायला सांगा. सेंटर खालच्या फळीवर आणि बाकीचे कानाशी असतील, तर त्या तुलनेला अर्थ नाही.

आता आडव्या सेंटरची गोम. मधे ट्विटर, दोन बाजूंना दोन वूफर, ही नेहमीची रचना. समोर बसणाऱ्याला उत्तम. पण सोफ्याच्या टोकाला बसणारा मध्यरेषेपासून दोन फूट बाजूला असतो, म्हणजे १६ अंश. दोन वूफरच्या मध्यांत ३३ सेंटिमीटर अंतर असेल, तर त्याच्या कानाशी एकाचा आवाज ९ सेंटिमीटर उशिरा पोचतो. १९०० हर्ट्झच्या आसपास हा फरक अर्ध्या लहरीइतका होतो आणि दोन्ही वूफर एकमेकांना खातात. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरने ट्विटरकडे सूर सोपवायची जागा, अडीच हजाराला असेल, तर त्या पट्टीत दोघेही जोरात वाजत असतात. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं नेमकी तिथेच. ‘आजीला संवाद ऐकू येत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा आजीच्या कानांची नसून तिला दिलेल्या टोकाच्या जागेची असते.

उपाय दोन. एक, थ्री-वे सेंटर, ज्यात ट्विटरच्या खाली छोटा मिडरेंज उभ्या रेषेत असतो. महाग, पण खरा इलाज. दुसरा या हॉलसाठी निवडला : डावा-उजवा आहे तोच बुकशेल्फ सेंटरला, उभाच. स्पीकर १४ इंच उंच, टीव्ही युनिट १८ इंच, दोन्ही मिळून ३२. टीव्हीची खालची कड जमिनीपासून ३६ इंचांवर घेतली की तो खाली मावतो, मागे थोडी पाचर देऊन तोंड कानाकडे वर करायचं. मात्र तोच स्पीकर आडवा झोपवू नका. ट्विटर आणि वूफर शेजारी-शेजारी आले की वरचाच घोळ नव्याने सुरू. हे स्पीकर जोडीनेच विकले जातात, तेव्हा दोन जोड्या घ्याव्या लागतात आणि चौथा उरतो. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चौकशी केली तर एकटा नग कधी कधी मिळतो. न मिळाल्यास आणखी एक जोडी घेऊन सराउंडही तेच करा, सहावा माळ्यावर.

सेंटर युनिटच्या कपाटात कोंबला असेल, तर त्याचं नाक फळीच्या कडेपासून एक-दोन सेंटिमीटर बाहेर काढा. खोल बसवलेला सेंटर पेटीत तोंड घालून बोलतो.

स्टँड फॅब्रिकेटरकडून : २७ इंच उंची, तळाला १२ बाय १२ची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, चौकोनी पाइप. ट्विटर साधारण ३८ इंचांवर येतो, बसल्यावर कान तिथेच असतो. पाइपात वाळू भरायची तर ती चाळून आणि भाजून कोरडी करा. ओली वाळू भरली की दोन पावसाळ्यांत पाइप आतून गंजतो.

नोंद ४ : वायर

नवी इमारत अॅल्युमिनियम शटरिंगची, भिंती सगळ्या आरसीसी. त्यात झिरी पाडायची नाही. इलेक्ट्रिशियन ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी नाही. स्कर्टिंगच्या वर २५ मिमीची केसिंग पट्टी, आणि पॅसेजच्या बाजूने फॉल्स सीलिंगमधून. भोकांना हॅमर ड्रिल लागतं, साधं ड्रिल नुसतं पॉलिश करतं.

बाल्कनीच्या बाजूची वायर ६ मीटर, छतावरून जाणारी १२. बारा मीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. १.५ स्क्वेअर मिमीला अंदाजे ०.२९ ओहम, २.५ला ०.१८. स्पीकर ४ ओहमचा असेल तर पाच टक्के, म्हणजे ०.२ ओहमच्या आत राहावं, म्हणून लांब धावेला २.५. पुढच्या तिघांना दोन-अडीच मीटरला १.५ भरपूर. दोन्ही बाजूंची लांबी समान ठेवण्याचा अट्टहास नको. स्वस्त ‘स्पीकर वायर’ पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते. टोक चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. तिचा अडथळा शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट.

उघडं तांबं खाडीच्या हवेत काळं पडतं. वाशी, ऐरोली, कोलशेतकडच्यांनी बनाना प्लग लावावेत आणि वर्षातून एकदा, गणपती उरकले की, काढून पुसून पुन्हा बसवावेत.

पोलॅरिटीचा, म्हणजे प्लस-मायनस उलटे जोडल्याचा, संशय आला तर दीड व्होल्टचा सेल. प्लस लाल टोकाला, मायनस काळ्याला, क्षणभर टेकवा. वूफर बाहेर यायला हवा. तिकडीतला एक जरी उलटा असला तरी बास पातळ होतो आणि आवाज डोक्यात कुठेतरी तरंगतो. पुष्कळ लोक हे दुरुस्त करायच्या ऐवजी स्पीकर बदलतात.

नोंद ५ : सराउंड

नियमाने समोरच्या मध्यरेषेपासून ११० ते १२० अंश. इथे उजवी भिंत अकरा फूट दूर, डावीकडे काच. म्हणून दोन्ही मागच्या भिंतीवर, सोफ्याच्या टोकांपासून दोन-दोन फूट बाहेर, जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर. तोंड सोफ्याकडे नाही, एकमेकांकडे. कानाच्या पातळीला लावले तर टोकाला बसणाऱ्याच्या कानात कोणी ओतल्यासारखं होतं. सराउंडची जुळणी सैल चालते. ट्विटरचा प्रकार एक असला की पुरे. सातव्या-नवव्या स्पीकरचा मोह या हॉलमध्ये आवरा, ते पैसे दुसऱ्या सबला.

नोंद ६ : सब, सगळ्यात जास्त वेळ इथे

खोलीची रुंदी साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर. ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद धरून त्याला दुप्पट रुंदीने भागा : ५४ हर्ट्झ. लांबीचा आकडा ३१. सब टीव्हीच्या भिंतीशी आणि कान समोरच्या भिंतीशी, म्हणजे ५४ला दोघेही शिखरावर. ढोल-ताशातल्या ढोलाचा एकच सूर ढब-ढब घुमतो तो यामुळे. सोफा फूटभर ओढून ५४ला जेमतेम एक डेसिबल उतरतो, तो फायदा सराउंडसाठी होता. उलट ३१ हर्ट्झचा खड्डा खोलीच्या मध्यावर, आणि सोफा मध्यापासून दोनच फूट दूर. म्हणजे एक सूर जास्त, त्याखालचा कमी.

उंचवटा इक्वलायझरने कापता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्ड्यात कितीही वॉट ओता, सब धापा टाकेल, ऐकू तितकंच येईल. म्हणून जागा निवडताना खड्डे टाळायचे, उंचवटे चालतील. पद्धत जुनीच : सब सोफ्यावर, कानाच्या जागी ठेवायचा, बासची एकसारखी चाल लावायची आणि आपण भिंतीकडेने रांगायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सब. या हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीचा बाल्कनीकडचा कोपरा आणि डायनिंगच्या भिंतीचा मध्य, या दोन जागा टिकल्या. दुसरी ५४ला खरोखर शांत, कारण रुंदीच्या मध्यावर तो सूर उठतच नाही. पण तिथवर ३० फूट आरसीए केबल आणि वेगळा प्लग. सध्या कोपरा, दुसरा सब आला की डायनिंग.

गुणगुण आली तर आधी केबल टीव्हीची कोअॅक्स काढून बघा, मग सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही, ते धोक्याचं आहे.

जागा ठरली की फरशीवर मास्किंग टेपने चार कोपरे आखून ठेवा. मखर त्याच कोपऱ्यात येतं आणि अकराव्या दिवशी सब कुठे होता यावर घरात एकमत होत नाही.

नोंद ७ : कॅलिब्रेशन

रिसीव्हर माइकने प्रत्येक स्पीकर मोजून पातळ्या आणि अंतरं जुळवतो, ते हे काम. पंखा, एसी, फ्रिज बंद, बाल्कनीचं दार बंद, पडदा रोज असतो तसा. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून लांब. उशीवर ठेवलेला माइक उशी मोजतो. ऑडिसीला (रिसीव्हरमधली ही मोजणी करणारी प्रणाली) सहा-आठ जागा लागतात, त्या मधल्या सीटभोवती दोन फुटांत घ्या, डायनिंगपर्यंत फिरू नका. सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर कमाल किंवा एलएफईवर (म्हणजे विभागणी रिसीव्हरकडेच), गेन (सबवरचं आवाजाचं बटण) असा की सुरुवातीची पातळी ७५ डेसिबलजवळ येईल. निकालात सबचा ट्रिम (रिसीव्हरने ठरवलेली पातळी) उणे बाराला चिकटला असेल, तर गेन कमी करून पुन्हा मोजा. तो आकडा तळाला लागलेला आहे, मोजलेला नाही.

नंतर हाताने तीन गोष्टी. रिसीव्हरने कुठला स्पीकर ‘लार्ज’ ठरवला असेल तर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सबकडे. सबचं अंतर टेपपेक्षा जास्त दिसलं तर हात लावू नका, सबच्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर त्यात धरलेला असतो. आणि फेज (सबची लहर सरळ की उलटी) : ८० हर्ट्झचा टोन सेंटर व सबमधून एकत्र, ० आणि १८० दोन्ही ऐकून जे जोरात वाजेल ते.

काचेच्या बाजूच्या डाव्या स्पीकरला अस्तरवाला जाड पडदा, आणि सोफा-टीव्हीच्या मधे पाच बाय सातचा गालिचा. टाळी वाजवल्यावर येणारी झणझण यानेच निम्मी जाते. रात्री दहानंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. त्या वेळी नाइट मोड, आणि सबचा ट्रिम चार-पाच डेसिबल खाली, कारण स्लॅबमधून खाली जातो तो बासच.

राहिलेलं : दुसरा सब, फॉल्स सीलिंगमधली ४० हर्ट्झला वाजणारी एक चॅनेल पट्टी शोधणं, आणि उजव्या स्टँडखाली रबराच्या चकत्या.