तुम्ही विचारलंत म्हणून : पाळणे कुठून आणता?

जानेवारी तोंडावर आला की मला फोन सुरू होतात. कधी नेरूळच्या एखाद्या पॅरिशमधून, म्हणजे तिथल्या चर्चच्या मंडळींकडून, कधी घोडबंदर रोडच्या सोसायटीतून. ठाण्यात आमच्या चर्चच्या आवारात दरवर्षी फॅमिली कार्निव्हल भरतो आणि त्याच्या मांडणीचं काम माझ्या गळ्यात असतं, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं असतं. प्रश्न ठरलेला. "ताई, आम्हालाही असा करायचाय. पाळणे कुठून आणता? किती घेतो तो?"

नंबर मी लगेच देते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग विचारते, "खुर्च्या किती सांगितल्यात?"

"खुर्च्यांचं काय हो, डेकोरेटर टाकेल शंभरेक."

म्हणजे अजून कुणी बसून विचार केलेला नाही.

पोराची पाळण्यातली फेरी पाच मिनिटांत संपते. त्याच्याबरोबर आलेल्या आजीला टेकायला जागा मिळाली नाही, तर तीच "चला आता" म्हणते आणि तिच्यामागून अख्खं घर गेटाबाहेर पडतं. सून, नातवंडं आणि पर्समधली न वापरलेली कुपनंसुद्धा. आजी बसली तर सगळे थांबतात, आणि थांबले की भूक लागते. आमचे पैसे पाळण्यांतून सुटत नाहीत. ते सुटतात खाण्यातून आणि हाउजीतून, म्हणजे आकडे पुकारून खेळायच्या तंबोल्यातून, आणि ही दोन्ही कामं माणूस बसूनच करतो. म्हणून आवाराचा नकाशा काढायला घेतला की मी आधी मधोमध खुर्च्या-टेबलं मांडते. चारच्या उन्हात चर्चच्या भिंतीची सावली कुठवर येते ते बघते. बायकांच्या टॉयलेटकडे जायची वाट मोकळी ठेवते. खाण्याचे स्टॉल खुर्च्यांच्या समोर, आणि पाळणे उरलेल्या कडेला.

चर्चचं आवार हे क्रिकेटचं मैदान नव्हे, हेही लक्षात घ्यावं लागतं. आवारातल्या क्रुसापाशी लोक येता-जाता मेणबत्ती लावतात, तिथे स्टॉल नको. सिमेत्रीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, भिंतीला स्पीकर टेकवायचा नाही. याला कुठलाही नियम नाही, माझाच हट्ट आहे. आणि मोठं गेट स्वयंसेवकांच्या स्कूटरनी अडवू द्यायचं नाही. अग्निशमनची गाडी आत येऊन वळायला हवी.

पाळणेवाले दोन तऱ्हांनी बोलतात. एक म्हणजे ठोक भाडं. मग तिकिटाचे पैसे तुमचे, पण लोक आले नाहीत तर फटकाही तुमचाच. दुसरी तऱ्हा तिकिटामागे वाट्याची. पहिल्या वर्षी वाटा बरा. मात्र फेरी किती मिनिटांची हे कागदावर लिहून घ्या, कारण गर्दी वाढली की फेरी आखडते. मुलं ज्याला मिकीमाऊस म्हणतात, त्या हवा भरलेल्या घसरगुंडीचा ब्लोअर सारखा चालू ठेवावा लागतो. वीज गेली की ती पोरांसकट खाली बसते. तिला जनरेटरवरून वेगळी लाइन द्या, माइकच्या बोर्डावर लटकवू नका. आवारात फरशी असेल तर खुंट्या ठोकता येत नाहीत. तेव्हा चारही बाजूंना वाळूच्या गोण्या बांधल्या की नाही, हे स्वतः ओढून बघा.

आता तारीख. कार्निव्हल खरा राखेच्या बुधवारच्या आधीचा. त्या दिवसापासून उपवासकाळ लागतो, मग चर्चच्या आवारात नाचगाणी नाहीत. पण हा बुधवार ईस्टरप्रमाणे सरकतो. २०२४ मध्ये तो १४ फेब्रुवारीला होता, २०२५ मध्ये ५ मार्चला, २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला. शिवाय फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा. खुर्च्या उचलणारी धट्टीकट्टी पोरं नेमकी त्याच वयाची! नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तेही नकोत. पॅरिशच्या सणाला जोडून करावा, तर तेही सगळीकडे जमत नाही. तलावपाळीजवळचं जुनं चर्च संत योहान बाप्तिस्ताचं, आणि त्याचा सण २४ जूनला, म्हणजे ऐन पावसात. सगळं वजा करत गेलं की जानेवारीतले दोन-तीन रविवार उरतात. हवा बरी असते, साडेसहा-सातला अंधार पडतो, लाइटिंगही उठून दिसतं.

खाण्याबद्दल मी जरा जास्त बोलते, ऐकून घ्या. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिश्चन, त्यामुळे फुगे हवेतच. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं सैल पीठ, पूर्वी ते ताडीवर फुगवत, आता यीस्टवर. जानेवारीच्या गारव्यात पीठ यायला वेळ लागतो, म्हणून सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायच्या आधी मळून ठेवावं लागतं. तळणाऱ्या मावशींचा हात बघत राहावा असा. डाव्या मुठीत पीठ घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी खुडून तेलात सोडला की टम्म होऊन वर येतो. एका घाण्यात फार तर वीस-पंचवीस निघतात. तेवढ्यात रांग गेटापर्यंत जाते, आणि रांगेतला माणूस दुसरं काही खात नाही. यावर उपाय साधा आहे. स्टॉलवर नंबराचे बिल्ले द्या, लोकांना खुर्चीत बसू द्या, नंबर माइकवर पुकारा. बसल्या बसल्या ते शेजारच्या स्टॉलवरून बॉटल मसाल्यातलं (आमच्या घरगुती मसाल्यातलं) चिकन आणतात.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक आजूबाजूच्या बिल्डिंगांमधले असतात. "आम्ही ख्रिश्चन नाही, आलो तर चालेल ना?" असं अजूनही विचारतात. चालेल काय, याच! त्यांच्यासाठी शाकाहारी स्टॉल लावा, पण मनापासून लावा. पोर्क विंदालूच्या शेजारी एका कोपऱ्यात पावभाजीचा तवा ठेवून भागत नाही. तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला हवा, कढई, तेल, झारे सगळं वेगळं, आणि वाढणाऱ्या बायकाही वेगळ्या. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे तांदळाच्या भाकरी करणाऱ्या शेजारच्या आगरी काकू येऊन बसतात. त्यांच्यापुढे आमच्याच लोकांची गर्दी जास्त.

रोख पैसे स्टॉलवर घेऊ नका. पिठाच्या हातांनी सुट्टे मोजले जात नाहीत आणि रात्री हिशेबही लागत नाही. आवारात एवढे मोबाइल एकदम आले की नेटवर्क रडतं, म्हणून स्कॅन करायची सोय एका काउंटरवरच ठेवा आणि तिथे कुपनं द्या. निम्मी कुपनं आधीच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर विकावीत. किती खपली त्यावरून गुरुवारी मटणवाल्याला आकडा सांगता येतो.

परवानग्या थोडक्यात. लेखी अर्ज फादरांच्या सहीने स्थानिक पोलीस ठाण्यात, ध्वनिक्षेपकाचा वेगळा. मंडप आणि गॅस सिलिंडर आहेत म्हणून महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे. रस्त्यावर पार्किंग सांडणार असेल तर वाहतूक शाखेला. शाळा किंवा हॉस्पिटल जवळ असेल तर शांतता क्षेत्राचं आधीच विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, आणि दिवसासुद्धा निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची. म्हणून हाउजीचं शेवटचं फुल हाऊस साडेनऊच्या आत. उशीर झाला तर पुकारणाऱ्याचे विनोद कापा, बक्षिसं नको.

आवराआवरीचं कुणी विचारत नाही, तरी सांगते. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. सुपारीच्या ताटल्या घ्या, पाण्याला वीस लिटरचे जार लावा, प्रत्येक टेबलाच्या टोकाला ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवा. चर्चला लागून शाळा असेल तर सोमवारी सकाळी तिथेच प्रार्थनेला मुलं उभी राहणार असतात, त्यामुळे झाडलोट रात्रीच व्हायला हवी. डेकोरेटरचा टेम्पो दहाला येतो आणि त्याच्या पोरांना घरी जायची घाई असते. त्यांना दुपारीच बजावून ठेवा की मंडप सोडा, टेबलं न्या, पण पंचवीसेक खुर्च्या राहू द्या. स्टॉलवरच्या बायका तीनपासून उभ्या असतात आणि त्यांचं जेवण अजून व्हायचं असतं.