तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा देखणा घोडा, खच्ची कशाला करता?

आमच्या घोड्यांचे फोटो बघितले की मराठी माणूस दोनच प्रश्न विचारतो. एक, तिकडे मेथी मिळते का, तो आज सोडून देऊ. दुसरा जरा आवाज खाली करून विचारतात, विशेषतः मावश्या आणि काका लोक, की एवढे देखणे घोडे आणि सगळे खच्ची? पाप नाही का लागत?

मी नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये राहते. नाव वाळूच्या टेकड्या असलं तरी वर सगळं गवत आहे, मैलोन् मैल, आणि त्या गवतावर गाई. सासरच्यांचं रँच, म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान आहे, लग्नानंतर मीपण त्यात ओढली गेले. इथे रोजच्या कामाला जे घोडे लागतात ते जवळपास सगळे गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेले नर, जात बहुतेक क्वार्टर हॉर्स. फार उंच नसतात, पाच फुटांच्या आसपास, पण मागचा भाग असा भरलेला की चारशे मीटरच्या, म्हणजे पाव मैलाच्या आत भल्याभल्यांना मागे टाकतात, नावच त्या पाव मैलावरून पडलंय. या जातीची नोंदणी करणारी संस्था १९४० मध्ये टेक्सासात फोर्ट वर्थला सुरू झाली, पण ही घोडी-घोडे त्याच्या कितीतरी आधीपासून गुरांमागे पळतायत.

तर प्रश्न. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघायला जाणारा माणूस आधी ऐट बघतो, मान कशी धरतो, कान कसे जुळतात, नाचतो कसा. बरोबरच आहे, तिथे घोडा मिरवायला असतो. इथे घोडा दिवसभर राबायला लागतो, तेही दुसऱ्या आठ-दहा घोड्यांच्या खांद्याला खांदा लावून, ज्यात माद्यापण असतात. आणि बैलाबद्दल आपण हा प्रश्न कधी विचारतो का सांगा? गोऱ्हा बडवल्यावरच तो बैल होतो, औताला वळू सहसा कोणी जुंपत नाही, आणि पोळ्याला त्याच बडवलेल्या बैलाच्या पाया पडतो आपण. गेल्डिंग म्हणजे घोड्यांमधला बैल समजा, की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला अर्धा असा की न कापलेल्या घोड्याचं आयुष्य तुम्हाला वाटतं तेवढं राजेशाही नसतं हो. वसंतात घोड्या माजावर यायला लागतात, साधारण दर तीन आठवड्यांनी, आणि मग तो कुंपणापाशी येरझाऱ्या घालत राहतो, खात नाही, दुसरा घोडा दिसला की चावायला धावतो, म्हणून त्याला वेगळं ठेवावं लागतं, मजबूत कुंपणात, बहुतेक वेळा एकटं. आणि घोडा हा कळपाचा प्राणी, एकटेपणाइतकी दुसरी कुठली शिक्षा त्याला नाही. गेल्डिंग मात्र मोकळ्या रानात पंधरा-वीस सोबत्यांबरोबर राहतो, एकमेकांची मान खाजवतात, शेपटीने एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या हाकलतात. पाप-पुण्याचा हिशोब करायचाच तर हेपण त्यात धरा, असं माझं म्हणणं.

काम तसं छोटं आहे. बहुतेक लोक शिंगरू वर्षा-दोन वर्षांचं व्हायच्या आत उरकतात, थंडी सरताना नाहीतर शरदात, म्हणजे माश्या कमी असतात. डॉक्टर येतो, भूल देतो, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन्ही अंडं खाली उतरलेली आहेत ना ते आधी चाचपून बघतो कारण एखाद्याचं एक पोटातच राहिलेलं असतं आणि मग ते मोठं ऑपरेशन. जखम शिवत नाहीत बरेचदा, उघडी ठेवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज चालवायचं, उभा राहिला की सूज चढते. महिना-दीड महिना माद्यांपासून लांब, कारण अंगातलं सगळं एका दिवसात उतरत नाही. काहींच्या डोक्यातून तर ते पुरतं कधीच उतरत नाही, आमच्यात एक आहे, म्हातारा झाला तरी माद्यांवर मालकी सांगत फिरतो.

पण इथेच लोकांचा गैरसमज होतो. खच्ची केला म्हणजे घोडा शहाणा झाला असं नाही. तो फक्त शिकवण्यासारखा होतो, शिकवायचं सगळं बाकीच असतं, आणि त्याला वर्षं जातात.

आईपासून पाचेक महिन्यांनी तोडलं की म्होरकी घालायला, पाय उचलून द्यायला शिकवायचं आणि मग सरळ रानात सोडून द्यायचं. हे बघून आमचे पाहुणे म्हणतात अरे हे तर नुसतं हुंदडतंय. हुंदडू दे ना! उतार, वाळू, उंदरांची बिळं, बर्फ, यातून पाय कुठे टाकायचा हे त्याला कोणी माणूस शिकवू शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खोगीर, तेही हलकं काम, कारण घोड्याच्या पाठीच्या कण्याची हाडं पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पुरती पक्की होत नाहीत. थोडे दिवस बसायचं, परत सोडून द्यायचं, पुढच्या वर्षी परत. लगाम घालायच्या आधी दाढांच्या पुढचे ते बारके दात, वुल्फ टीथ, असतील तर काढून घ्यायचे, नाहीतर बिट, म्हणजे लगामाची तोंडातली कडी, त्यावर आपटतं आणि तुम्ही म्हणता घोडा हट्टी आहे.

शिकवण्याची पद्धत आता बरीच बदललीय. पूर्वी सरळ बांधून, दमवून, मोडून काढायचे, काही ठिकाणी अजून चालतं. टॉम डोरन्स आणि रे हंट या घोडे शिकवणाऱ्या दोघांनी गेल्या शतकात पश्चिमेकडच्या रँचवाल्यांना दुसरी वाट दाखवली, आमच्याकडे सासरे त्याच वाटेचे. सगळं गणित दाब देण्यात नाही, दाब सोडण्यात आहे. लगाम जरासा घेतला, घोड्याने मान वळवायचा नुसता विचार केला की त्याच क्षणी हात सैल. उशिरा सोडलात तर तो भलतंच शिकतो. आणि जे डावीकडून शिकवलं ते उजवीकडून पहिल्यापासून परत शिकवायचं, डावीकडे ताडपत्रीवरून आरामात जाणारा घोडा तीच ताडपत्री उजव्या डोळ्याला दिसली की असा बुजतो की बघत राहावं.

मग गुरं. यातली एक गोष्ट मला फार आवडते. नवीन, भित्रं घोडं असेल तर त्याला कळपाच्या मागे हळूहळू चालवायचं. तो पुढे गेला की गाय पुढे सरकते, आणि दोन-तीन दिवसांत त्याच्या लक्षात येतं की अरेच्चा, हे मला घाबरतंय! कान पुढे येतात, चाल बदलते, पाठीवर बसल्या बसल्या कळतं. म्हणून सुरुवातीला त्याच्यासमोर वासराजवळची तापट गाय आणायचीच नाही, ती उलटून अंगावर आली तर महिन्यांची मेहनत पाण्यात. पुढे गाय थांबली की थांब, वळली की तिच्याबरोबर वळ, आणि ज्यांच्या रक्तातच काउ सेन्स, म्हणजे गुरांची चाल ओळखायची समज असते ते तर तुमच्या आधी वळतात, तुम्ही खोगिराचं शिंग (पुढचा उभा खुंट) धरून बसा फक्त.

सगळ्यात मोठी परीक्षा मे-जूनमधल्या ब्रँडिंगला, म्हणजे वासरांना तापल्या लोखंडाने डाग देतात तेव्हा. वासराचे मागचे पाय दोरीने पकडायचे, दोरी खोगिराच्या शिंगाला दोन वेढे देऊन घ्यायची (अंगठा वर ठेवून, इथे त्या वेढ्यात अंगठे गमावलेली माणसं आहेत) आणि घोड्याने ते वासरू ओढत हळू, अगदी पावलापावलाने जाळापर्यंत न्यायचं. धूर, जळक्या केसांचा वास, हंबरणाऱ्या गाया, पोरं इकडेतिकडे पळतायत, आणि त्याने दोरी ताठ ठेवून उभं राहायचं. यात कधी ना कधी दोरी शेपटीखाली जातेच. न शिकवलेला घोडा तेव्हा शेपटी दाबून धरतो, दोरी आणखी घट्ट बसते आणि मग जे काही उधळतो! म्हणून आधी जमिनीवर उभं राहून, मऊ दोरी शेपटीखालून फिरवत बसायचं, शेपूट सैल सोडली की दोरी काढून घ्यायची. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात, पण तयार घोडा आणि नुसता देखणा घोडा यातला फरक तिथे पडतो. चांगल्या सेलमध्ये सात-आठ वर्षांच्या तयार गेल्डिंगला वीस-तीस हजार डॉलर मोजणारे असतात, ते या कंटाळ्याचे पैसे.

आणि एक काम कोणी सांगत नाही ते मी सांगते. गेल्डिंगच्या लिंगाभोवतीची कातडीची पिशवी अधूनमधून साफ करावी लागते, आत मळाचा घट्ट खडा धरतो, कधीकधी पावट्याएवढा, आणि लघवीला त्रास होतो. हातमोजे घालायचे, कोमट पाणी, आणि लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं. पुण्याहून आलेली भाची ते बघून व्हेटर्नरीला जायचं म्हणत होती, ते बंद झालं.

आता तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत आणि पोरांसाठी घोडा घ्यायचा म्हणतात त्यांच्यासाठी. तीन वर्षांचा चमकदार घोडा बघून उतावळे होऊ नका, दहा-बारा वर्षांचा साधासुधा गेल्डिंग घ्या, नीट ठेवला तर विशीपर्यंत काम देतो. बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत खोगीर घालू नका. रानातून धरून आणताना बघा, पाय उचलून देतो का बघा, खोगिराचा पोटपट्टा आवळताना कान मागे टाकतो का बघा, मग आधी विकणाऱ्यालाच बसायला सांगा, तुम्ही नंतर. गेल्यावर घोडा आधीच खोगीर घालून, घामाने भिजून उभा असेल तर चहा प्या आणि घरी या.